तासावर दिलेली लेक

माझं लग्न विमानाचं वेळापत्रक बघून ठरलं. असं सांगितलं की लोकांना वाटतं, नवरा पायलट असणार. तसं काही नाही. तो हैदराबादला एका औषधाच्या कंपनीत नोकरी करतो आणि विमान धावायला लागलं की खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसतो. वेळापत्रक बघितलं ते आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि तेही स्वतःच्या जेवणासाठी.

आम्ही जैन. कोल्हापूरला लागून गडमुडशिंगीत घर आणि शेत, शहरात शाहूपुरीत बी-बियाण्यांचं दुकान. दिवस मावळला की आप्पा अन्नाला शिवत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. बाहेरचं खाणं तर त्यांना वर्ज्यच. त्यामुळे आमच्या घरात संध्याकाळी जी पळापळ चालते ती सूर्याशी. आप्पा दुकानातून स्कूटरवर निघतात, आई भाकरी टाकायला घेते, आणि ऊन परसातल्या पेरूच्या शेंड्यावर असतानाच त्यांचं ताट वाढलेलं असतं. लहानपणी मला वाटायचं की सूर्य आमच्या आप्पांचं जेवण उरकण्याची वाट बघतो आणि मगच जातो.

मी लग्नाची झाले तेव्हा आप्पांनी एक नियम काढला. सकाळी आपल्या घरी जेवून निघालं तर दिवस मावळायच्या आत लेकीच्या घरी पाटावर बसता आलं पाहिजे. मुलगा काय शिकलाय, पगार किती, हे सगळं नंतर. सांगली, निपाणी, बेळगाव हे तर अंगणच. पुणे चालेल, घाटात ट्रक आडवा झाला नसेल तर. सोलापूर काठावर. नागपूरचं एक चांगलं स्थळ त्यांनी नकाशा न उघडताच परत केलं. मी तेव्हा भयंकर चिडले होते. मुलगा मला आवडला होता अशातला भाग नाही, पण माझ्या आयुष्याची हद्द त्यांच्या भुकेनं ठरवावी, हे मला पटत नव्हतं.

मग एकदा आईनं, शेंगा फोडता फोडता, कारण सांगितलं. आप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, पार गुलबर्ग्याच्या पलीकडे दिली होती. तरुणपणी आप्पा दोन-तीनदा तिच्याकडे गेले. एसटी बदलत बदलत पोचायला दरवेळी रात्र व्हायची. आत्या ताट करून बसलेली असायची आणि आप्पा हात जोडायचे. परतीची गाडी पहाटेची, दिवस उगवायच्या आधीची. इकडे आप्पांच्या शेतावर कुणी दुसरं बघणारं नव्हतं, त्यामुळे मुक्काम वाढवता यायचा नाही. आत्या गेली ती भावाला एकदाही जेवायला घालू न शकता. आई म्हणाली, ते बोलून दाखवत नाहीत, पण तेवढं त्यांच्या मनात राहिलंय. त्यानंतर मी नागपूरबद्दल तक्रार केली नाही.

हैदराबादचं स्थळ आणलं ते जयसिंगपूरच्या मामानं. मुलगा आपल्यातलाच, निपाणीकडचा, आईवडील तिकडे गावी, तो एकटा हैदराबादला. आप्पांनी गावाचं नाव ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. हैदराबाद म्हणजे रात्रभराची गाडी. पण मामा व्यापारी माणूस, तयारी करून आला होता. त्यानं फोन काढला आणि दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारं कुठलंसं पान उघडलं. एका चौकोनात कोल्हापूर, दुसऱ्यात हैदराबाद. खाली उत्तर आलं: साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, विमानाला तास-सव्वा तास.

आप्पांनी फोन हातात घेतला आणि लांब धरून वाचला. मग त्यांनी विचारलं की रस्त्यानं किती. मामा म्हणाला, साडेपाचशे.

"मग वरचं शंभर किलोमीटर कुठं गेलं?" आप्पा म्हणाले.

मामानं समजावलं की हे हवाई अंतर आहे, सरळ रेषेतलं.

"सरळ रेषेत कोण जातंय? माझ्या रानात जायाला बी दोन वळणं हायती."

तरी तो 'तास' त्यांच्या डोक्यात शिरलाच. कारण विमानतळ आमच्या बांधाला लागूनच म्हणावा असा आहे. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उतरणारं विमान आमच्या उसावरून जातं आणि त्याच्या पोटाखालची चाकं मोजता येतात. आप्पांनी हिशेब केला: दहा मिनिटं घरापासून विमानतळ, तासभर विमान, आणि उतरलं की दहा मिनिटांत लेकीचं घर. त्यांच्या दृष्टीनं विमानतळ म्हणजे गावाच्या कडेला असलेली वस्तू. त्याच्या बाहेर पडलं की आपल्या माणसाचं घर दिसणारच.

पण फोनवर लिहिलेल्यावर विश्वास ठेवतील ते आप्पा कसले. बियाण्याच्या पिशवीवर काय छापलंय ते न बघता मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून उगवतंय का ते बघणारा माणूस. त्यांनी मुलाचा नंबर घेतला आणि थेट त्यालाच कामाला लावलं. कोल्हापूरचं विमान तिथून सुटलं की फोन करायचा. इकडे आप्पा उसाच्या बांधावर घड्याळ घेऊन उभे. विमान डोक्यावर आलं की वेळ बघायची. हे आठवडाभर चाललं. सोयरीक ठरवायला आलेल्या मुलाला बाकीच्या घरी कांदेपोहे मिळतात, ह्याला विमानाची राखण मिळाली. त्यानं एकदाही कटकट केली नाही. फोनवर कुठलंसं ॲप बघून तो इमानदारीनं कळवत राहिला. एके दिवशी त्यानं सांगितलं, आज उशीर आहे, कधी सुटेल सांगता येत नाही. आप्पा आईला म्हणाले, पोरगा खरं बोलतोय. मलाही तेच वाटलं, आणि मी होकार दिला.

लग्नात आप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "लेक तासावर दिलीया." शिरोळकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांना वाटलं इचलकरंजीला दिली. ते म्हणाले, छान, जवळच बघितलंत.

आता हैदराबादची बाजू ऐका. तिथला विमानतळ शहरापासून इतका लांब आहे की उतरल्यावर पहिला अर्धा तास नुसता रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूला खडक. त्यानंतर शहर सुरू होतं, आणि सुरू झालं की पुढे सरकत नाही. आमचं घर दुसऱ्या टोकाला. पहिल्यांदा गेले तेव्हा टॅक्सीत बसून मी मनातल्या मनात आप्पांचं ते दहा मिनिटांचं गणित आठवत होते आणि मला हसूही येत होतं आणि रडूही. त्यात निघायच्या आधी विमानतळावर लवकर जाऊन बसणं, बॅगांची रांग, आपली रांग, बसमधून विमानापर्यंत. हवेत असतो तो तासच, त्यात मामा खोटं बोलला नव्हता. पण त्या तासाच्या अलीकडे-पलीकडे मिळून दिवस जातो. आणि विमान रोज असतंच असंही नाही. वेळापत्रक बदललं की आठवड्यातून ठरावीक दिवशीच.

मी हे आप्पांना सांगून बघितलं. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "त्ये असू दे. विमान तासातच येतंय की." त्यांना रोज त्याचा पुरावा मिळत होता. दुपारी बांधावर असले आणि विमान डोक्यावरून गेलं की ते हातातलं काम थांबवून वर बघायचे आणि गड्याला सांगायचे, लेकीच्या गावचं आलं बघ. जणू काही मीच ते सोडलं होतं.

मला खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा व्हायचा. ज्यांच्या मुली लांब दिलेल्या असतात त्यांच्या आया फोनवर रडतात, बाप हळवे होतात, भाऊ रजा काढून भेटायला जातात. माझ्या बाबतीत सगळे निवांत. तासावर तर आहे. तासावर असलेल्या मुलीला माहेरची आठवण येते असं म्हणायची सोयच नसते. मी एकदा फोनवर आईला म्हणाले की करमत नाही, तर घरी आलेला मामा मधेच म्हणाला, अगं तासाचा तर प्रश्न आहे. मी फोन ठेवला आणि त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. मामाला ते कळलंही नसावं, कारण त्याची ऊसबिलांची गडबड होती.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते जेवण? आप्पा आलेच नाहीत. पहिल्या वर्षी लावण होती. मग ऊसतोड. मग दुकानात खरिपाची गर्दी, मग रब्बीची. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "येतो की. लांब हाय व्हय?" सोलापूरला दिली असती तर एव्हाना चारदा आले असते. जवळची माणसं सगळ्यात शेवटी भेटतात, हे मला लग्नानंतर कळलं. तीन वर्षं झाली, आणि माझ्या घरात आप्पांसाठी घेतलेला शिसवी पाट भिंतीला टेकून उभा होता. आम्ही जेवतो टेबलावर, पण आप्पा पाटावरच बसतात म्हणून तो मी हौसेनं आणला होता. नवरा तो टेबलावर ठेवून, त्यावर चढून पंखे पुसायचा.

शेवटी माझा तोल सुटला. मार्गशीर्षातली दुपार होती, आप्पा दुकानात होते. मागून गिऱ्हाइकांचा आवाज येत होता आणि तेवढ्यात मी स्पष्ट ऐकलं, आप्पा कुणाला तरी सांगत होते, लेकीचाच फोन हाय, तासावर दिलीया. मी म्हणाले, "आप्पा, मी सांगतो तुमाला. तासावर हाय म्हंताय न्हवं? मग या जेवाय. न्हाईतर हितनं फुडं तासावर म्हणू नका." आमच्याकडे बायकाही 'सांगतो', 'येतो' असंच बोलतात. मी इतर ठिकाणी शुद्ध बोलते, पण भांडण कोल्हापुरीतच होतं.

पलीकडे आप्पांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग आप्पा म्हणाले, "तिकीट काढ. तुजी आई बी येतीया."

मी तिकिटं काढली ती अत्यंत हिशेबानं. दुपारचं विमान. सकाळी आप्पा घरी जेवणार, दुपारी निघणार, चारच्या आत-बाहेर इथे उतरणार. टॅक्सीला सव्वा-दीड तास धरला. थंडीच्या दिवसांत गडमुडशिंगीत सहापर्यंत ऊन असतं हे मला पाठ होतं, आप्पांनाही पाठ होतं. फोनवर आम्ही दोघांनी तीनदा पडताळलं. साडेपाचला पाट, सहाच्या आत हात धुऊन मोकळे. आप्पा खूश होते. सकाळी आपल्या घरी, संध्याकाळी लेकीच्या घरी. नियम तंतोतंत पाळला जाणार होता.

प्रवासाची हकीकत मला नंतर आईनं सांगितली. आप्पा विमानतळावर इतक्या लवकर गेले की दारावरच्या जवानानं आधी कुठलं विमान आहे ते विचारलं. हातातल्या पिशवीत त्यांनी गुळाचे दोन मोठे खडे फडक्यात बांधून घेतले होते. तपासणीच्या यंत्रात ते काळे ठोकळे दिसले आणि पिशवी बाजूला काढली. आप्पा बिचकले नाहीत. "गूळ है साब, खाके देखो," म्हणून त्यांनी फडकं सोडलं. त्या माणसानं वास घेतला, हसला आणि पिशवी परत दिली. त्यानं खाल्ला नाही याचं आप्पांना वाईट वाटलं.

विमान उठलं तसे ते खिडकीला चिकटले. स्वतःचं शेत वरून दिसलं, विहीर दिसली, आणि शेजाऱ्यानं बांध आपल्याकडे सरकवलाय हा त्यांचा जुना संशय पक्का झाला. तेवढं बघून होईपर्यंत ढग आले. पुढचा तास त्यांनी आईला बांधाबद्दल सांगण्यात घालवला. आई म्हणाली, विमानात बसलो असं वाटलंच नाही, ओसरीत बसल्यासारखं वाटलं.

विमान उशिरा सुटलं होतं, पण फार नाही. खरा उशीर झाला खाली उतरल्यावर. आप्पांना घ्यायला नवरा गेला होता. तो मला दर थोड्या वेळानं कळवत होता, अगदी लग्नाआधी कळवायचा तसा. उतरले. बॅग आली. आप्पा म्हणतायत, विमानात बसलो त्याच्यापेक्षा जास्त चाललो. टॅक्सी मिळाली. मग बराच वेळ एकच निरोप: पुलाखाली आहे. पुलाखालीच आहे.

मी सकाळपासून स्वयंपाकघरात होते. पुरणपोळी, कटाची आमटी, भेंडी, दोडक्याची भाजी, साधं वरण-भात. पाट मांडला. ताटाभोवती रांगोळीची एक रेघ काढली, जी मी स्वतःच्या लग्नानंतर कधी काढली नव्हती. साडेपाच झाले. मी सारखी गॅलरीत जाऊन खाली बघत होते. समोरच्या उंच इमारतींवर ऊन होतं, मग वरच्या मजल्यांवर राहिलं, मग तिथेही दिसेना. मला वाटलं इमारतींच्या आड गेलं असेल. घड्याळ बघितलं, पावणेसहा. अजून पंधरा मिनिटं आपल्या हातात आहेत, असं मी स्वतःला सांगितलं.

ते आले तेव्हा सहाला आठ-दहा मिनिटं असतील. आप्पा दारातूनच म्हणाले, "गाठलं की." घामेजले होते, पण चेहरा फुललेला. आई बॅगा ठेवून थेट माझ्या गळ्यात पडली. आप्पांनी हातपाय धुतले, टोपी काढून ठेवली, पाटाकडे आले. बसायच्या आधी त्यांनी सवयीनं खिडकीतून बाहेर बघितलं. आकाश उजेडाचं होतं, पण कुठेही ऊन नव्हतं.

"सूर्य कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, त्या इमारतीमागे. ते म्हणाले, बघून येऊ. मी म्हणाले, आप्पा, ताट वाढलंय, घड्याळात अजून वेळ आहे. ते म्हणाले, एवढं बघून येऊ.

मग आम्ही चौघं लिफ्टमधून गच्चीवर गेलो. आप्पा अनवाणी, आई पदर सावरत, नवरा गुळाची पिशवी अजून हातातच धरून, आणि माझ्या हातात पोळीवर घालायच्या तुपाची वाटी. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचं एक जोडपं होतं, ते आमच्याकडे बघत राहिलं. गच्चीवरून पश्चिमेपर्यंत सगळं मोकळं दिसतं. तिकडे एक लांब तांबडा पट्टा होता आणि बाकी काही नव्हतं. सूर्य केव्हाच गेला होता.

"मावळला की," आप्पा म्हणाले.

तेव्हा नवऱ्यानं हळूच जे सांगितलं ते माझ्या किंवा आप्पांच्या डोक्यात आलं नव्हतं. हैदराबाद पूर्वेला आहे. इथे सूर्य कोल्हापूरच्या आधी मावळतो, पाव तासाहून थोडा जास्तच आधी. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र नाही. तीन वर्षं मी इथे राहत होते, आणि मला ते माहीत नव्हतं. नवरा आणि मी, तो रात्री कामावरून आला की जेवतो. सूर्याकडे बघायची गरज कधी पडली नव्हती. मी आप्पांसाठी वेळ धरली ती गडमुडशिंगीच्या उन्हाची, आणि आप्पा तर आपला सूर्य बरोबर घेऊनच निघाले होते.

मला इतका राग आला की काय करू सुचेना. विमानाचा आला, पुलाचा आला, मामाच्या फोनचा आला. त्या पानावर किलोमीटर होते, वेळ होती, पण तिथे जेवायला ऊन उरेल का, हे कुणी लिहिलं नव्हतं. मी तुपाची वाटी गच्चीच्या कठड्यावर आपटली. ती फुटली नाही, स्टीलची होती. मी म्हणाले, "म्हणजे मी लांबच आहे, आप्पा. बघा, लांबच आहे." आई मला धरायला पुढे आली, पण आप्पांनी तिला थांबवलं. ते त्या तांबड्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता ते थकलेत.

खाली आलो. वाढलेलं ताट मी उचललं. आप्पांनी पाणीही घेतलं नाही, कोपऱ्यात बसून जप केला. आईनंही ताटाला हात लावला नाही. मीही रागानं नको म्हणाले. नवरा सकाळपासून विमानतळ आणि पूल करून आला होता आणि त्याची नजर पुरणपोळीवरून हलत नव्हती. शेवटी आईनंच त्याला म्हटलं, जावईबापू, तुम्ही जेवा. तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून, आवाज न करता चार पोळ्या जेवला. एवढ्या दुःखातही मला त्याचं हसू आलं. उरलेलं आप्पांना सकाळी चालणार नव्हतं, रात्र उलटलेलं अन्न ते घेत नाहीत. ते मी शेजारी आणि खाली वॉचमनकडे वाटून टाकलं.

सकाळी मी उठले तेव्हा आप्पांचं अंथरूण रिकामं होतं. शेतकरी माणूस, उजाडायच्या आधी उठणार हे ठरलेलं. मी घाबरून गॅलरीत गेले, तेवढ्यात दार वाजलं. आप्पा गच्चीवरून आले होते. चेहरा परत कालच्यासारखा, दारातून आत येतानाचा.

"दिवस उगावला," ते म्हणाले. "तुज्याकडं लवकर उगावतोय. गावात अजून अंधार असंल. चूल पेटीव."

संध्याकाळी जो पाव तास गेला होता तो सकाळी पुढे येऊन उभा होता. मी पदर खोचला. ज्वारीचं पीठ होतं, मूग होते, आईनं आणलेली शेंगदाण्याची चटणी होती. पुरणाचा थाट नाही, रांगोळी नाही. मी भाकऱ्या थापत होते आणि आप्पा स्वयंपाकघराच्या दारात पाट ओढून बसले होते, आईनं बाहेर बसा म्हटलं तरी हलत नव्हते. ऊन खिडकीतून आत आलं, तव्यावर पडलं, ताटावर पडलं, तेव्हा मी पहिली भाकरी वाढली. मुगाची आमटी, चटणी, गुळाचा खडा आणि त्यावर तूप.

आप्पा जेवले. पहिली भाकरी न बोलता, दुसरीला आमटी मागून. तिसरीला आई म्हणाली, अवो पुरे. ते म्हणाले, घाल. मी वाढत होते आणि माझे डोळे भरून आले होते, मी ते पुसले नाहीत. हात धुऊन आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओला, भाकरीच्या वासाचा. मी तेवढ्यासाठी तीन वर्षं भांडत होते.

चार दिवस राहून दोघं परत गेली. त्या चार दिवसांत संध्याकाळी पाचलाच मी वाढलेलं ताट तयार असायचं आणि आप्पा गच्चीवर जाऊन सूर्य किती उरलाय ते बघून यायचे. जायच्या दिवशी त्यांनी वॉचमनला गुळाचा अर्धा खडा दिला.

पुढे महिनाभरानं आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती जरा चाचरत म्हणाली, तुझे आप्पा हल्ली बदललेत. दुकानात कालच एक पावणं आलेलं, त्यांनी विचारलं, लेक कुठं दिली? मला वाटलं आता तासावर म्हणतील. तर म्हणाले, हैदराबादला, लई लांब दिलीया. आणि मग म्हणाले, पर जेवून आलोय. आईला वाटलं मला वाईट वाटेल. मी म्हणाले, आप्पांना फोन दे.

आप्पा फोनवर आले. नेहमीसारखं पाणी आहे का, भाजी काय भावानं, असं विचारायला लागले. मी मधेच तोडलं. तीन वर्षांत जे म्हणायची सोय नव्हती ते म्हणाले. "आप्पा, मला तुमची लई आठवण येतीया."

"येणारच की," आप्पा म्हणाले. "लांब हाईस न्हवं."